रंग येतो का, हे कोणाला विचारायचं?

नव्वदच्या दशकात चंद्रपूर काय नि गडचिरोली काय, सरकारी कचेरी असो की पतसंस्था, टेबलावरच्या संगणकात डॉस असे आणि त्यावर फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेला पगारपत्रकाचा नाहीतर ठेवींच्या हिशेबाचा एखादा प्रोग्राम. या दोन्हींत ‘इझकलर’ नावाचं एक छोटंसं फंक्शन होतं. प्रोग्राम सुरू झाला की ते यंत्राला विचारी, रंग येतो का? होकार आला तर निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, नकार आला तर काळ्यावर पांढरी.

गोम अशी की हा होकार मॉनिटरचा नसे, त्याला चित्र पुरवणाऱ्या आतल्या कार्डाचा असे. एकरंगी कार्ड अक्षरांची स्मृती बी००० या पत्त्यावर ठेवी, रंगीत कार्ड बी८०० वर, आणि कोणतं कार्ड बसलंय याची नोंद संगणक सुरू होतानाच होई. पण व्हीजीए कार्ड आलं आणि सोबत स्वस्तातला काळा-पांढरा व्हीजीए मॉनिटरही आला. कार्ड रंगीत, पडदा बिनरंगी. प्रोग्राम खुशाल लालावर निळं लिहून मोकळा होई आणि कारकुनाला दिसे राखाडीवर राखाडी. त्यावर डॉसमध्येच उतारा होता. ‘मोड बीडब्ल्यू८०’ एवढी आज्ञा आधी दिली की बरेचसे प्रोग्राम रंगाचा हट्ट सोडत. ही आज्ञा ज्याला माहीत, त्याला कचेरीत संगणकतज्ज्ञ म्हणत.

गेल्या चाळीसेक वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर या प्रश्नाची सारी कथा याच जातीची दिसते. प्रश्न पडद्याला असतो आणि उत्तर भलताच कोणी देतो.

युनिक्सच्या जगात तर पडदा संगणकापासून वेगळाच असे, तारेच्या दुसऱ्या टोकाला; त्यालाच टर्मिनल म्हणत. आपल्याकडे सामान्य माणसाने असा पडदा पाहिला तो रेल्वेच्या आरक्षण खिडकीच्या काचेपलीकडे. दिल्लीत १९८५-८६च्या सुमारास सुरू झालेलं संगणकीय आरक्षण पुढे देशभर पसरलं, त्यामागे युनिक्स नव्हे, तर ‘डिजिटल’ नावाच्या कंपनीची व्हीएमएस प्रणाली होती. याच कंपनीचं १९७८चं व्हीटी१०० टर्मिनल आजही प्रत्येक टर्मिनल-प्रोग्रामचा आदिपुरुष मानलं जातं. गंमत म्हणजे त्याला रंगच नव्हता. ठळक, अधोरेखित, लुकलुकतं आणि उलटं, एवढाच त्याचा थाट. रंगांचे आकडे, लालाला ३१, हिरव्याला ३२, असे ३० ते ३७ पर्यंत, टर्मिनलांच्या मानकात छापले गेले होते. ते दाखवणारे पडदे सावकाश येत राहिले.

तेव्हा बाजारात शेकडो जातींची टर्मिनलं होती, प्रत्येकाची भाषा निराळी. बर्कलीच्या बिल जॉय यांनी व्हीआय या मजकूर-संपादक प्रोग्रामसाठी एक यादी केली, टर्मकॅप. कोणतं टर्मिनल काय करू शकतं, ते तीत लिहिलेलं. आपण ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये टर्मिनलचं नाव घालायचं, प्रोग्रामने यादीत ते नाव शोधायचं. पुढे मार्क हॉर्टन यांचं टर्मइन्फो आलं आणि त्या नोंदींत रंग किती, हाही रकाना आला. ‘टीपुट कलर्स’ ही आज्ञा आज जो आकडा सांगते, तो याच रकान्यातला. म्हणजे तिथेही पडद्याला कोणी काही विचारत नाही. नाव वाचायचं आणि विश्वास ठेवायचा.

इकडे महाराष्ट्रात मात्र तेव्हा वेगळीच चिंता होती. पडद्यावर देवनागरी उमटेल का? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राचं काम १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या कामातून डॉसच्या संगणकात बसणारं कार्ड निघालं आणि युनिक्सला जोडायची बहुभाषी टर्मिनलंही निघाली. भारतीय लिप्यांच्या १९९१च्या इस्की मानकात मजकुराच्या मध्येच एक खास संकेत घालून पुढची अक्षरं ठळक, तिरपी किंवा अधोरेखित करायची सोय होती. व्हीटी१००च्या एस्केप संकेतांची कल्पना हीच, मजकूर आणि साजशृंगार एकाच ओळीतून पाठवायचे. न समजणाऱ्या यंत्रावर ती ओळ पडली की कचरा दिसणार, हा धोकाही तोच.

चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली सुरू झालं. त्याच सुमारास युनिक्सच्या वळणाचं लिनक्स आपल्याकडे मासिकांसोबतच्या सीडीवरून फिरू लागलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून ते उतरवून घेणं परवडणारं नव्हतं. ‘एलएस’ म्हटल्याबरोबर निळ्या निर्देशिका आणि हिरवे प्रोग्राम दिसले, की युनिक्स म्हणजे रुक्ष ही समजूत तिथेच गळे. पण तीच यंत्रणा विंडोजच्या टेलनेटवरून उघडली तर रंग गायब. कधी उलटं होई. एक्सटर्म या टर्मिनल-प्रोग्रामला रंग येऊ लागले तरी कित्येक यंत्रांवरच्या यादीत त्याच्या नावापुढे रंग नव्हते, म्हणून लोक ‘एक्सटर्म-कलर’ असं नाव लावत. १९९९मध्ये एक्सटर्मला २५६ रंग मिळाले, मग ‘एक्सटर्म-२५६कलर’. ‘पटी’सारखा वेगळाच प्रोग्राम स्वतःला ‘एक्सटर्म’ म्हणवू लागला, कारण ते नाव सगळीकडे चालतं. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतो दुसरा, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

या खोट्या नावांना कंटाळलेले लोक म्हणाले, थेट टर्मिनललाच विचारू. एस्केप, चौकोनी कंस आणि सी एवढं पाठवलं की टर्मिनल आपली ओळख सांगतं. प्रामाणिक मार्ग आहे, पण तो आखला गेला जवळच्या तारेसाठी. १९८०च्या दशकाअखेरीस निकनेट या सरकारी जाळ्याने जिल्हा मुख्यालयं जोडली ती उपग्रहाने. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला तेवढाच. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या रानात मोबाईलचं जाळं क्षीण झालं की आजही याहून जास्त वेळ लागतो. प्रोग्राम तेवढा थांबत नाही. तो उत्तर नाही असं समजून पुढे सरकतो आणि उशिरा पोचलेलं उत्तर कोणीतरी टंकलेल्या मजकुरासारखं आज्ञेच्या ओळीत येऊन पडतं. ‘६४;१;२सी’ असली अक्षरं अचानक उमटलेली पाहून व्हायरस आला म्हणणारे भेटतात. म्हणून माझं मत जुन्या यादीच्या बाजूचं आहे. ती चुकते, पण वाट पाहायला लावत नाही.

आणखी एक प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत शहाणा: समोर पडदा आहे तरी का? युनिक्समध्ये ‘इझएटीटीवाय’ हे फंक्शन एवढंच सांगतं. प्रोग्रामचा मजकूर पडद्याऐवजी फाईलमध्ये चालला असेल तर रंग कशाला? ज्यांनी हे विचारायचा कंटाळा केला त्यांच्या नोंदींच्या फाईली चौकोनी कंस आणि ३१एम यांनी भरल्या. २०१७मध्ये ‘नो_कलर’ हा संकेत पुढे आला: हे व्हेरिएबल भरलेलं असेल तर प्रोग्रामने रंग घालू नये, बाकी चौकशी नको. ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही त्याला यातून मोठी सुटका मिळाली. पहिला मान माणसाच्या शब्दाला, मग पडदा आहे का ते पाहणं, मग यादी आणि अगदीच गरज पडली तर टर्मिनलला प्रश्न, हा क्रम मला पटतो. विंडोजने मात्र वेगळा हिशेब ठेवला: विंडोज १०मध्ये एस्केप संकेत समजू लागले, पण प्रोग्रामने आधी तशी परवानगी चालू करून घ्यायची.

आता इथल्या पुष्कळ मुलांचा पहिला युनिक्स पडदा म्हणजे फोनवरचं टर्मक्स. ते स्वतःला ‘एक्सटर्म-२५६कलर’ म्हणवतं आणि ‘कलरटर्म’ या व्हेरिएबलमध्ये ‘ट्रूकलर’ लिहितं, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर छटा. तिथून दूरच्या सर्व्हरवर गेलं की ‘टर्म’ सोबत जातं, ‘कलरटर्म’ सहसा मागे राहतं, आणि सर्व्हर २५६वरच थांबतो. त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दुसरीकडे. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात फोन वाचायचा तर पार्श्वभूमी पांढरी करावी लागते, आणि इशारे पिवळ्यात छापणाऱ्या प्रोग्रामचा इशाराच मग दिसत नाही. रंग किती येतात हे यादीत आहे. पडदा उजळ की काळोखा, हे तिच्यात नाही. आरएक्सव्हीटी हा टर्मिनल-प्रोग्राम ‘कलरएफजीबीजी’ या व्हेरिएबलमध्ये ते सांगून ठेवी, पण इतरांनी ते फारसं उचललं नाही. नवी साधनं आता त्यासाठी पुन्हा टर्मिनललाच प्रश्न पाठवतात, आणि तो प्रश्नही त्याच क्षीण जाळ्यातून जातो.