टायमिंग चेनच्या गाइडची झीज, निदान आणि दुरुस्ती : टोयोटा पिकअपच्या २२आर इंजिनाच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : टायमिंग चेन, गाइड, टेन्शनर, टायमिंग कव्हर, झीज, निदान.

प्रस्तावना :

यंत्रातील दोष जेथे उत्पन्न होतो तेथेच तो प्रकट होतो असे आपण सहसा गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेकदा तसे घडत नाही. दोष एका ठिकाणी जन्म घेतो, त्याची लक्षणे दुसऱ्या ठिकाणी दिसतात आणि उपचार तिसऱ्याच ठिकाणी केला जातो. या विधानाचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणून टोयोटा कंपनीच्या पिकअप गाड्यांतील २२आर या इंजिनाकडे पाहता येते. या इंजिनात साखळीला आधार देणारी प्लास्टिकची एक पट्टी तुटते, आणि काही काळाने मालकाला इंजिनाच्या तेलात पाणी आढळते. या दोन घटनांमधील दुवा ज्याला माहीत नाही तो हेड उतरवतो, गॅस्केट बदलतो, पुष्कळ खर्च करतो, आणि पाणी पुन्हा तेलात उतरते. प्रस्तुत लेखात हा दुवा उलगडून दाखवण्याचा आणि गाइड बदलण्याच्या कामात कोणत्या टप्प्यावर काय पाहणे आवश्यक आहे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

२२आर हे चार सिलिंडरचे, २३६६ घन सेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन होय. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर व पिस्टनची धाव ८९ मिलिमीटर आहे. अमेरिकेत ते १९८१ पासून टोयोटाच्या पिकअपमध्ये आले. इंधन फवारणीची पद्धत असलेला त्याचा २२आर-ई हा प्रकार पुढे १९९५ पर्यंत तेथे विकला जात होता. या गाड्या दणकट म्हणून प्रसिद्ध असून त्यांपैकी अनेक आजही वापरात आहेत. आपल्याकडे हायलक्स हे नाव २०२२ मध्ये आले, तेही डिझेल इंजिन घेऊन. त्यामुळे २२आर आपल्या गॅरेजांत सहसा आढळणार नाही. तथापि टायमिंग चेनचा खडखडाट आपल्या मोटारसायकलस्वारांना अपरिचित नाही, आणि त्यामागील तत्त्व एकच आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'टायमिंग चेन'साठी 'कालसाखळी' असा प्रतिशब्द घडवता येईल. परंतु तो एकाही गॅरेजात समजणार नाही. म्हणून येथे कारागिरांच्या तोंडी असलेलेच शब्द ठेवले आहेत.

रचना :

क्रँकशाफ्ट पिस्टनच्या वरखाली गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करतो, तर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो व मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी झाली पाहिजे. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. ही लय सांभाळण्याचे काम इंजिनाच्या पुढील बाजूस, अ‍ॅल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरमागे फिरणारी पोलादी साखळी करते.

इंजिनाकडे समोरून पाहिल्यास क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे पाहणाऱ्याच्या उजव्या हातास असलेली साखळीची बाजू खाली ओढली जाते व ताणलेली राहते. दुसरी बाजू सैल असते. सैल बाजूस टेन्शनर असतो. तेलाच्या दाबाने त्याचा दांडा पुढे सरकून साखळीची ढिलाई शोषून घेतो. ताणलेल्या बाजूस केवळ एक सरळ गाइड असतो. अमेरिकेत चालक गाडीच्या डावीकडे, म्हणजेच समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हातास बसत असल्याने तेथील कारागीर त्याला चालकाच्या बाजूचा गाइड म्हणतात. तुटतो तो बहुधा हाच.

झिजेची कारणे :

'चेन ताणली' असे आपण म्हणतो, पण पोलादी कड्या रबराप्रमाणे ताणल्या जात नाहीत. कडीतील पिन आणि तिच्याभोवतीचे बुश परस्परांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात किंचित मोकळीक निर्माण होते. समजा, ताणलेल्या बाजूस ४० कड्या आहेत व प्रत्येक सांध्यात ०.०२ मिलिमीटर झीज झाली आहे. ती बाजू ०.८ मिलिमीटरने लांबेल. कॅमच्या दंतचक्राची त्रिज्या ५५ मिलिमीटर धरल्यास कॅम सुमारे ०.८ अंशाने मागे पडतो. क्रँकच्या हिशोबात हाच फरक सुमारे १.७ अंश होतो. एवढ्याने गाडी बंद पडत नाही, ओढ किंचित कमी होते. आकडे उदाहरणादाखल घेतले असले तरी केसाहून बारीक झीज चाळीस ठिकाणी मिळून किती होते, हे त्यांवरून ध्यानात यावे.

खरा आघात गाडी थंड असताना होतो. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात तेलाचा दाब शून्य असतो. सकाळी इंजिन सुरू होताच पहिले काही क्षण टेन्शनरला बळ नसते आणि लांबलेली साखळी चाबकासारखी हेलकावे खात गाइडवर आदळते. दाब चढला की आवाज थांबतो, आणि मालक निश्चिंत होतो. मात्र गाइड वर्षानुवर्षे तप्त तेलात राहून ठिसूळ झालेला असतो. रोजच्या आघातांनी त्याला तडा जातो आणि अखेर तो बोल्टपाशी तुटून खाली पडतो.

येथे रचनेतील एक बदल लक्षात घेतला पाहिजे. या मालिकेतील आरंभीच्या इंजिनांत दुपदरी साखळी व धातूचा आधार असलेले गाइड होते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात एकपदरी साखळी आणि संपूर्ण प्लास्टिकचे गाइड आले. वजन, आवाज व खर्च यांचा विचार त्यामागे असावा. परंतु गाइडच्या आयुष्याच्या दृष्टीने हा बदल लाभदायक ठरला असे म्हणता येत नाही.

गाइड नाहीसा झाल्यावर साखळी आणि कव्हरची आतील भिंत यांच्यामध्ये काहीच उरत नाही. पोलाद अ‍ॅल्युमिनियमला कापू लागते. दुर्दैवाने याच बाजूस, त्या भिंतीच्या पलीकडे, वॉटर पंपाकडील पाण्याचा मार्ग आहे. भिंत झिजून आरपार भोक पडले की कूलंट थेट तेलाच्या चेंबरमध्ये उतरते.

निदान :

तेल दुधाळ झालेले दिसताच बहुतेकांच्या मनात पहिला संशय हेड गॅस्केटचा येतो. तो अवाजवी नाही, कारण इतर अनेक इंजिनांत कारण तेच असते. तथापि गॅस्केट जळले असेल तर बहुधा अन्य खुणाही मिळतात : रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धुरांड्यातून पांढरी वाफ निघत राहते किंवा एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरते. यांपैकी काहीच नसताना तेल दुधाळ होत असेल, आणि त्यापूर्वी सकाळच्या खडखडाटाचा इतिहास असेल, तर संशयाची दिशा बदलली पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे मालकाला विचारलेला एक प्रश्न अनेक उपकरणांहून मोलाचा ठरतो : 'आवाज पूर्वी यायचा का, आणि तो आपोआप बंद झाला का?' तुटलेला गाइड खाली पडल्यावर आवाजाचे स्वरूप बदलते, आणि हा बदल म्हणजे सुधारणा असा समज होतो.

खात्री करून घेणे कठीण नाही. वरचे व्हॉल्व्ह कव्हर काढून साखळीच्या कडेने टॉर्चचा प्रकाश खाली सोडल्यास गाइड जागेवर आहे की नाही ते दिसते. चेंबर उतरवल्यावर तळाशी प्लास्टिकचे तुकडे सापडले तर शंका उरत नाही. चेंबर उघडे असताना कूलंटच्या मार्गात पंपाने हलका दाब दिल्यास कव्हरच्या बाजूने पाणी ठिबकताना प्रत्यक्ष पाहता येते. पाणीमिश्रित तेलावर गाडी चालवत राहणे मात्र घातक आहे, कारण अशा तेलाचा थर बेअरिंगना पेलत नाही आणि मग प्रश्न गाइडचा न राहता संपूर्ण इंजिनाचा होतो.

प्रत्यक्ष काम :

रेडिएटर, पंखा, पट्टे इत्यादी उतरवण्याचे काम सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या शिखरबिंदूवर आणून डिस्ट्रिब्युटरच्या रोटरची दिशा खुणेने नोंदवून ठेवावी. क्रँक पुलीचा बोल्ट अतिशय घट्ट असतो. तो सोडवण्यासाठी बळापेक्षा लांब दांड्याचा पाना उपयोगी पडतो.

यानंतरचा टप्पा अनेकांना अडवतो. टायमिंग कव्हरचे समोरून दिसणारे सर्व बोल्ट काढले तरी कव्हर सुटत नाही. कारण एक बोल्ट समोरून दिसतच नाही. तो हेडच्या पुढील टोकाला, कॅमच्या दंतचक्रासमोरील खळग्यात उभा बसवलेला असून तेथे साचलेल्या तेलाखाली बुडालेला असतो. तो न काढता पहारीने कव्हर उचकटल्यास अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो. खळग्यातील तेल आधी फडक्याने टिपून घ्यावे. बोल्ट लगेच दिसतो. पुढचे बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असल्याने पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून त्याच जागी खोचून ठेवावेत.

हेड उतरवावे की न उतरवावे याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. कव्हरचा माथा हेड गॅस्केटखाली आणि तळ चेंबरच्या सीलवर टेकलेला असतो. हेड जागेवर ठेवून कव्हर सरकवताना गॅस्केटची पुढची कड फाटण्याचा धोका असतो. तरीही गॅस्केट सुस्थितीत असेल तर हेडला हात लावू नये, असे आमचे मत आहे; सावधपणे पात्याने कड मोकळी केली व जोडताना तेथे सिलिकॉन लावले तर काम होते. चेंबरविषयी मात्र तडजोड नको. तुटलेल्या प्लास्टिकचे तुकडे तेल खेचणाऱ्या जाळीत अडकतात आणि तेलाचा पुरवठा रोखतात. ते न काढता नवा गाइड बसवणे म्हणजे अर्धीच दुरुस्ती होय. १९८६ पासूनच्या चारही चाकांना गती देणाऱ्या पिकअपमध्ये पुढील डिफरन्शियल आड येत असल्याने चेंबर काढणे बरेच कष्टाचे ठरते, आणि म्हणूनच तेथे हा टप्पा वगळण्याचा मोह होतो.

कव्हर हाती आल्यावर त्याची आतील भिंत पुसून उजेडात पाहावी. साखळीने कोरलेली चकचकीत उभी खाच तेथे आढळेल. भोक पडलेले असेल तर निर्णय सोपा आहे. खाच असून भोक नसेल तर मोह होतो तो लांबीसारखा लेप भरण्याचा. वेल्डिंगही करता येते, परंतु उष्णतेने गॅस्केटची बैठक वाकडी होण्याची शक्यता असते. उरलेली भिंत किती जाड आहे हे बाहेरून कळत नसल्याने नवे कव्हर बसवणे श्रेयस्कर. त्याचबरोबर साखळी, दोन्ही दंतचक्रे, टेन्शनर आणि दोन्ही बाजूंचे गाइड एकत्रच बदलावेत. झिजलेल्या दातांवर नवी साखळी लवकर झिजते. धातूचा आधार असलेले गाइड आता बाजारात मिळतात. त्यांवरील रबराचा थर कालांतराने झिजतो हे खरे, पण ते तुकडे होऊन तुटत नाहीत.

जुळणी करताना क्रँकची चावी वर असावी आणि नव्या साखळीतील चकचकीत कड्या दोन्ही दंतचक्रांवरील खुणांशी जुळाव्यात. जुळणीनंतर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावा. या वेळी चकचकीत कड्या खुणांसमोर येत नाहीत आणि नवशिका गोंधळतो. साखळीतील कड्यांची संख्या दंतचक्रांच्या दातांच्या पूर्ण पटीत नसल्याने त्या कड्या पुन्हा खुणांवर येण्यास अनेक फेरे लागतात. फेऱ्यांनंतर पाहायचे ते क्रँकची चावी आणि कॅमची पिन मूळ जागी आली की नाही, एवढेच.

ऑइल पंपाच्या दातांत बसवण्यापूर्वी तेल किंवा व्हॅसलीन भरावे, अन्यथा कोरडा पंप तेल खेचत नाही. नंतर इग्निशनची जोडणी काढून ठेवून तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन थांबत थांबत फिरवावे. टेन्शनर भरल्यावरच ठिणगी द्यावी. तेलात पाणी गेलेले असल्यास पहिले तेल व फिल्टर थोड्याच अंतरानंतर पुन्हा बदलावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, व्हॉल्व्ह कव्हरपाशी कान देऊन पहिले दोन-तीन सेकंद ऐकावे, आणि त्यानंतर डिपस्टिक काढून तेलाचा रंग पाहावा.