टक्केवारी, कट-ऑफ आणि आपल्या पाल्यांचा अकरावी प्रवेश

दहावीचा निकाल लागला की त्या आठवड्यात धर्मग्रामांच्या कार्यालयांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी पालकांची रांग लागते. दाखला हाती पडला, तरी काही पालक लगेच निघत नाहीत. जरा संकोचाने विचारतात, ‘‘फादर, एखादी चिठ्ठी द्याल का? पोराला ८९ टक्के आहेत, पण मुंबईच्या कॉलेजात नंबर लागणार नाही, असे सगळे म्हणतात.’’ या प्रश्नामागे लेकराविषयीची माया असते, तशी प्रवेशप्रक्रियेविषयीची अपुरी माहितीही असते. म्हणूनच टक्क्यांचे प्रवेशात रूपांतर कसे होते आणि अल्पसंख्याक कोट्याचा खरा अर्थ काय, हे येथे सोप्या शब्दांत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नव्वद टक्क्यांचे मोल

पालक आपल्या काळातील टक्क्यांशी मुलांच्या टक्क्यांची तुलना करतात. ही तुलना फसवी आहे. राज्य मंडळाने २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धत स्वीकारली. तिला मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी जूनमध्ये रद्दबातल ठरवले, परंतु जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या पद्धतीत सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. समजा, एखाद्या मुलीला ९५, ९२, ९०, ८८, ८५ आणि ६० असे गुण मिळाले. सहाही विषय धरले तर तिला ८५ टक्के पडतात. ६० गुणांचा विषय वगळला की तीच मुलगी ९० टक्क्यांवर जाते. तिच्या अभ्यासात कणभर फरक पडलेला नाही. फरक पडला तो मोजण्याच्या रीतीत.

याला कला व क्रीडा यांच्या सवलतीच्या गुणांची जोड मिळते. २०२५ च्या परीक्षेत राज्यातील २११ विद्यार्थ्यांना पूर्ण १०० टक्के मिळाले, ते या सर्वांच्या बेरजेतून. अंतर्गत मूल्यमापनाचा प्रभावही असाच मोठा आहे. २०१९ मध्ये राज्य मंडळाने भाषा आदी विषयांतील अंतर्गत गुण बंद केले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. ते गुण पुन्हा सुरू झाल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात राज्यातील मुले मंद झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली, असे कोण म्हणेल?

कट-ऑफ कोण ठरवते?

‘अमुक कॉलेजाने कट-ऑफ ९४ ठेवला’ असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः कोणतेही महाविद्यालय कट-ऑफ ठेवत नाही. जागा भरत जातात आणि शेवटच्या जागेवर जो विद्यार्थी बसतो, त्याचे गुण म्हणजे त्या फेरीचा कट-ऑफ. अर्जदारांचे गुण वाढले की तो आपोआप वर सरकतो. त्यात अध्यापनाच्या दर्जाचे मोजमाप नसते. ८९ टक्क्यांच्या मुलाविषयीही तो काही सांगत नाही. त्याच्या पुढे त्याच जागा मागणारे किती जण उभे होते, एवढेच त्यावरून कळते.

नामवंत ख्रिस्ती महाविद्यालयांत हा आकडा इतका चढा का असतो, तेही समजून घेऊ. २०२५ च्या नियमांनुसार अल्पसंख्याक संस्थेत ५० टक्के जागा त्या समाजासाठी, १० टक्के महाविद्यालयाला जोडलेल्या शाळेतील मुलांसाठी आणि ५ टक्के व्यवस्थापनासाठी होत्या. म्हणजे १२० जागांच्या तुकडीत ६० जागा अल्पसंख्याकांच्या, १२ शाळेच्या, ६ व्यवस्थापनाच्या. सर्वांसाठी खुल्या उरल्या केवळ ४२. वृत्तपत्रांत छापून येणारा मोठा आकडा या ४२ जागांचा असतो. आपल्या मुलाने तो वाचून निराश होण्यापूर्वी कोट्याची स्वतंत्र गुणवत्ता यादी पाहावी. ती बहुधा खालच्या टक्क्यांवर थांबते.

पसंतीक्रम कसा भरावा?

मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होऊ लागले आणि २०२५ मध्ये संपूर्ण राज्यासाठी एकच केंद्रीय प्रक्रिया लागू झाली. त्या वर्षी विद्यार्थ्याला दहापर्यंत पसंतीची महाविद्यालये नोंदवता येत होती. संगणक गुणानुक्रमे एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल, ती पहिली जागा देतो. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, अवघड महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकाची संधी कमी होत नाही. म्हणून क्रम मनापासून लिहावा. दुसरी, शेवटची दोन-तीन नावे हमखास मिळतील अशी आणि घराजवळची असावीत.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर २०२५ च्या नियमांनुसार विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून वगळला जात होता. विरारहून चर्चगेटपर्यंतचा रोजचा प्रवास सोळा वर्षांच्या मुलाला झेपेल का, याचा विचार म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी व्हावा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्यावाचून अर्ज भरू नये.

अल्पसंख्याक हक्क कोणासाठी?

भारतीय संविधानाच्या कलम ३० (१) ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९१ मध्ये अशा संस्थांना आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना ५० टक्क्यांपर्यंत प्राधान्य देण्याची मुभा दिली. पुढे २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने या प्रश्नाचा पुन्हा सविस्तर विचार केला. हक्क मान्य झाला, पण तो समाजाच्या उन्नतीसाठी. एखाद्या कुटुंबाची ती खासगी मिळकत नव्हे.

आणि इथेच आपण अंतर्मुख व्हायला हवे. कोट्यातील जागाही गुणानुक्रमेच भरतात. परिणामी ज्या घरात आईवडील शिकलेले आहेत, क्लासची फी भरण्याची ऐपत आहे, त्याच घरातील मुले तिथेही पुढे असतात. तलासरी वा डहाणूच्या पाड्यावरील कॅथलिक आदिवासी मुलगी वसतिगृहात राहून, घरातील पहिली दहावी उत्तीर्ण म्हणून ६८ टक्के मिळवते, तेव्हा तिच्या हाती बाप्तिस्म्याचा दाखला असतो, पण ऑनलाइन अर्ज भरून द्यायला कोणी नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात गरिबांची विशेष काळजी घेण्यास सांगितले. भारतीय महागुरूंच्या परिषदेचे २००७ चे शिक्षण धोरणही दलित, आदिवासी व गरिबांना अग्रक्रम देते. या शब्दांची परीक्षा दरवर्षी जूनमध्ये होते.

धर्मगुरूच्या चिठ्ठीने कोणाचे गुण वाढत नाहीत. तिने वाढलेच, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या वाट्याचे असतील, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आम्हा धर्मगुरूंना हे सांगणे जड जाते, कारण समोर उभे असलेले आईवडील आमच्या ओळखीचे असतात आणि पाड्यावरची ती मुलगी समोर नसते. चिठ्ठीऐवजी प्रत्येक धर्मग्रामात निकालानंतरचे पंधरा दिवस अर्ज भरून देणारे केंद्र चालावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्याच तरुणांनी तिथे बसावे. दूरच्या मुलांसाठी वसतिगृहाची आणि प्रवासखर्चाची सोय व्हावी.

दहावीनंतरचे दहावे वर्ष

दहावीच्या टक्क्यांचे आयुष्य फार थोडे असते. ते अकरावीचे दार उघडतात. पुढे वैद्यकीय प्रवेश ‘नीट’वर, राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश प्रामुख्याने सीईटी व जेईईवर ठरतो, बारावीचे गुण तिथे बहुतांशी पात्रतेपुरते लागतात. दिल्ली विद्यापीठाने २०२२ पासून पदवीचे प्रवेशही सामायिक परीक्षेवर नेले. दहा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत दहावीला कोणते कॉलेज मिळाले होते, असे क्वचितच कोणी विचारील. मात्र निकालाच्या दिवशी घरात काय बोलले गेले, ते मूल विसरत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळतीला आला असतानाही चौकात जातो आणि ज्यांना कोणी कामावर घेतलेले नाही, त्यांना आपल्या मळ्यात बोलावतो. कोणत्याही यादीत ज्याचे नाव नाही, तो त्याच्या हिशेबात असतो. पालकहो, यंदा निकालाच्या दिवशी आपल्या पाल्याला टक्के विचारण्याआधी जेवलास का, असे विचारावे. आणि शेजारच्या ज्या घरात अर्ज भरून द्यायला कोणी नाही, तिथे एकदा डोकावून यावे.