तांबडा खडक आणि छायाचित्राची साक्ष

यंदाच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय कळताच काही माजी विद्यार्थ्यांनी मला विचारले, ‘सर, आपण आयुष्यभर मराठी शिकविलेत, छायाचित्रणावर आपण काय बोलणार?’ शंका रास्त आहे. मी छायाचित्रकार नाही आणि भूशास्त्रज्ञ तर नाहीच. परंतु ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे ते आपल्या शाळेचे चित्रकलेचे सर या विषयाचे एक ऋण माझ्यावर ठेवून गेले आहेत. ते मान्य करण्यास मला साठ वर्षे लागली. व्याख्यानात जे बोललो तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहे.

१९६४ च्या सुमारास सर दिवाळीच्या सुटीत कच्छला जाऊन आले. त्यांच्याजवळ अ‍ॅग्फा क्लिक हा साधा कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघत. रंगीत फिल्म शिक्षकाच्या पगारात बसणारी नव्हती. सुटी संपल्यावर त्यांनी नदीच्या घळीची कृष्णधवल छायाचित्रे वर्गात फिरविली आणि म्हणाले, ‘हा खडक तांबडा आहे.’ आम्ही हसलो. आमच्यापैकी बहुतेकांची घरे खानदेशातून सुरतेस आलेली. खडक म्हणजे काळा, एवढेच आम्हांस ठाऊक. सरांनी प्रत्येक छायाचित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने रंगांची नावे लिहिली होती : ‘वर गेरू, मध्ये केशरी, ओल्या जागी वांग्यासारखा, सावलीत जांभळा.’ ‘सावलीत जांभळा’ या शब्दांवर आमचे हसू अधिकच वाढले.

खडक तांबडा का?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक पसरले. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची वाघोरा नदीची घळ आणि पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीने घडविलेले रांजणखळगे हे सर्व याच काळ्या बसाल्टाचे होत. कच्छची कथा याहून जुनी आहे. भुजच्या परिसरातील वालुकाश्म हा दहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी नद्यांनी आणि उथळ समुद्राने आणून टाकलेल्या वाळूचा दगड आहे. वाळूचे कण एकमेकांस चिकटले, त्यांच्यामध्ये लोह शिरले आणि त्या लोहाचा प्राणवायूशी संयोग झाला. लोखंडाच्या खिळ्यावर चढतो तोच हा गंज. खनिजशास्त्रात त्यास हेमाटाइट म्हणतात. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले त्याचा अर्थ रक्त असा आहे. लोहाशी पाण्याचा अंश बांधला गेला की तोच रंग पिवळ्याकडे झुकतो.

येथे भाषेच्या अध्यापकाने आपल्या घरची साक्ष द्यावी. तुळशीवृंदावन सारविण्याचा गेरू आणि भिंतीच्या पट्ट्याची काव ही याच लोहाची रूपे आहेत. सरांनी ‘वर गेरू’ असे लिहिले तेव्हा त्यांनी नकळत खनिजाचेच नाव लिहिले होते.

पाण्याचे कोरीवकाम

भुजच्या पश्चिमेस, नखत्राणा तालुक्यात, कडिया ध्रो नावाची एक घळ आहे. गुजरातीतील ‘धरो’ म्हणजे आपला डोह. कच्छात पाऊस तुटपुंजा पडतो. पण पडतो तेव्हा थोड्या दिवसांत पडतो आणि एरवी कोरडी असणारी नदी वाळू व गोटे घेऊन वेगाने धावते. भोवऱ्यात सापडलेला गोटा खडकात गोल फिरत राहतो आणि खळगा खोल करतो. दोन खळग्यांमधली भिंत झिजली की ते एकमेकांस मिळतात. अशा रीतीने वळणदार भिंतींची अरुंद वाट तयार होते. निघोजला घडले तेच येथेही घडले. मात्र वालुकाश्म मऊ असल्याने येथील कडा गोलाईदार झाल्या आहेत, आणि वाळूचे मूळचे तिरपे थर रेघांच्या रूपाने उघडे पडले आहेत. छायाचित्रकारास भुरळ पडते ती या रेघांची.

हीच क्रिया फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर अमेरिकेच्या कोलोरॅडो पठाराकडे पाहावे लागते. तेथील ग्रँड कॅनियन सुमारे ४४६ किलोमीटर लांब असून त्याची खोली दीड किलोमीटरहून अधिक आहे. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८२ साली त्या प्रदेशाचा इतिहास प्रसिद्ध केला आणि त्यातील शिखरांना विष्णू, शिव अशी देवळांची नावे दिली. तळाशी असलेल्या, सुमारे १७० कोटी वर्षे जुन्या खडकासही पुढे विष्णूचेच नाव मिळाले. परक्या भूमीतील खडकाचे वर्णन करताना त्याला आपल्या देवळांचे शब्द जवळ करावेसे वाटले, ही गोष्ट शब्दांचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्यास सुखावणारी आहे.

काचेपासून फिल्मपर्यंत

तांबडा खडक आणि छायाचित्र यांचे आरंभी सख्य नव्हते. जॉन हिलर्स याने १८७० च्या दशकात पॉवेलच्या मोहिमेत ग्रँड कॅनियनची आणि टिमथी ओ'सलिव्हन याने १८७३ मध्ये कॅनियन द शेई या दरीची छायाचित्रे घेतली, तेव्हा ओल्या कलोडियन काचेची पद्धत रूढ होती. काचेवर रसायनाचा लेप चढवावयाचा, तो वाळण्यापूर्वी छायाचित्र घ्यावयाचे आणि लगेच तेथेच काळोख्या तंबूत ते धुवावयाचे. वाळवंटात हे सर्व सामान खेचरांवर लादून न्यावे लागे. त्या लेपास निळा प्रकाश दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे आणि तांबडा खडक काळपट उमटे. मेजर रॉबर्ट गिल याने १८६० च्या दशकात अजिंठ्याची लेणी आणि परिसर टिपला तेव्हा त्याच्यापुढेही त्या काचेची हीच मर्यादा होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंगांस संवेदनशील अशी पँक्रोमॅटिक काच व पुढे फिल्म आली आणि चित्र पालटले. आता भिंगापुढे तांबडी काच धरली की निळा प्रकाश अडे. त्यामुळे आकाश गडद व खडक उजळ होई. पिवळी काच तेच काम सौम्यपणे करी. सरांनी चष्म्याच्या दुकानातून पिवळ्या काचेचा तुकडा मागून आणला होता, हे मला पुढे त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळले. ज्या छायाचित्रांना आम्ही हसलो त्यांत आकाशापासून खडक इतका स्पष्ट सुटून दिसत होता, तो त्या तुकड्यामुळे.

प्रकाशाची वेळ

माझा नातू छायाचित्रण करतो. काही वर्षांपूर्वी कच्छ एक्स्प्रेसने आम्ही दोघे भुजला गेलो आणि तेथून कडिया ध्रोस. त्याचे काम पाहताना मला जे कळले ते नवशिक्यांच्या उपयोगासाठी सांगतो.

उघड्या कड्यांचे छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी घ्यावे. सूर्य क्षितिजाजवळ असता प्रकाश तिरपा येतो, प्रत्येक रेघेस सावली मिळते आणि दगडाचा खरखरीतपणा हातास जाणवावा तसा दिसतो. अरुंद घळीत मात्र हा नियम उलटतो. तेथे सूर्य माथ्यावर आल्याशिवाय प्रकाश आत उतरतच नाही. तो एका भिंतीवर पडतो आणि तीवरून परावर्तित होऊन समोरच्या सावलीतल्या भिंतीस उजळतो. तांबड्या भिंतीवरून आलेला प्रकाश आधीच तांबडा झालेला असतो. म्हणून ती दुसरी भिंत आतून दिवा लावल्यासारखी दिसते. ऊन प्रत्यक्ष पडलेला भाग चित्रात घेतला तर तो पांढरा फटक उमटतो. तेव्हा तो शक्यतो चौकटीबाहेर ठेवावा.

अशा ठिकाणी प्रकाश थोडा असतो. जवळची रेघ आणि दूरची भिंत दोन्ही स्पष्ट हवी असतील तर भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते. मग कॅमेऱ्याचा पडदा एखादा सेकंद किंवा त्याहून अधिक उघडा राहतो. यासाठी ट्रायपॉड अनिवार्य आहे. हवेत बारीक वाळू असते, म्हणून घळीत भिंग बदलू नये. ओल्या दगडाचा रंग कोरड्यापेक्षा गडद असतो; त्यावरची चकाकी पोलरायझिंग फिल्टरने कमी होते. चौकटीत कोठेतरी माणूस असावा, नाहीतर भिंत पाच फुटांची की पन्नास, हे पाहणाऱ्यास कळत नाही.

शेवटची सूचना जिवाची आहे. आकाशात ढग असतील तर घळीत उतरू नये, आणि डोक्यावर ढग नाहीत एवढ्यावर विसंबूही नये. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक पुरात वाहून गेले. पाऊस त्यांच्यावर पडला नव्हता. तो दूर, नदीच्या वरच्या अंगास पडला होता.

सावलीतील जांभळा

सुरतेस परतल्यावर नातवाने छायाचित्रे संगणकावर दाखविली. एका चित्रात सावलीतली भिंत स्पष्ट जांभळी होती. मी म्हणालो, ‘हे तू रंगवलेस.’ तो म्हणाला, ‘आजोबा, मी रंग भरलेला नाही. दुपारच्या उन्हाचे प्रमाण धरून कॅमेरा लावला होता, त्याने जे टिपले ते तसेच ठेवले आहे.’ मी मान्य केले नाही. मी त्याच्या शेजारीच उभा होतो आणि मला ती भिंत तपकिरी दिसली होती. माझ्या स्वरात जे होते ते त्यास लागले असावे. पुढे कित्येक महिने त्याने मला एकही छायाचित्र दाखविले नाही.

त्यानंतर माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली त्या दिवशी घराची भिंत, जी मी वर्षानुवर्षे पिवळसर समजत होतो, ती पांढरी निघाली. मोतीबिंदूने डोळ्यातील भिंग पिवळे-तपकिरी होत जाते आणि ते निळा-जांभळा प्रकाश अडविते. मी अनेक वर्षे भिंगापुढे पिवळी काच धरून जग पाहत होतो आणि ती काच मला दिसत नव्हती.

तथापि सर्व दोष मोतीबिंदूवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निरोगी डोळ्यासही तो जांभळा सहजी जाणवत नाही. सावलीतल्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही. तिला निळ्या आकाशाचा प्रकाश मिळतो, आणि निळा प्रकाश तांबड्या दगडावर पडून जांभळी झाक येते. परंतु आपला मेंदू ‘हा दगड तांबडाच आहे’ असे गृहीत धरून ती झाक वजा करतो. कॅमेरा वजा करीत नाही. मात्र त्याला रंगांचा तोल आपोआप राखण्याची मोकळीक दिली तर तोही तेच करतो आणि तांबडेपण फिके पाडतो. म्हणून नातवाने तो तोल उन्हाच्या प्रमाणावर बांधून ठेवला होता. चित्रकारास ही झाक पाहण्याचे शिक्षण असते. सरांना १९६४ मध्ये, कोणत्याही रंगीत फिल्मशिवाय, ती दिसली होती आणि त्यांनी ती शब्दांत नोंदली होती.

मी नातवास दूरध्वनी केला आणि चूक कबूल केली. तो म्हणाला, ‘आता पुन्हा जाऊ या.’ सरांस सांगावयाचे मात्र राहून गेले. ते व्याख्यानाच्या निमित्ताने सांगितले.

छायाचित्रानंतर

२०२१ च्या जानेवारीत, महामारीमुळे प्रवास थांबलेला असताना, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वाचकांच्या शिफारशींवरून जगातील बावन्न आवडत्या स्थळांची यादी प्रसिद्ध केली. तीत कडिया ध्रोचा समावेश होता. त्यानंतर तेथे येणाऱ्यांचा ओघ वाढला. एका छायाचित्राचे सामर्थ्य केवढे, याचे हे उदाहरण आहे. आम्ही गेलो तेव्हा कमरेच्या उंचीवर एका गुळगुळीत भिंतीत खिळ्याने कोरलेली दोन नावे आणि त्यांमध्ये बदाम मी पाहिला. बसाल्टावर असे कोरणे कष्टाचे आहे. वालुकाश्मावर ते दोन मिनिटांचे काम आहे. पाण्याला जी भिंत घडविण्यास युगे लागली, तिच्यावरील तो ओरखडा आपल्या हयातीत बुजणारा नाही. नातवाने चौकट थोडी वर उचलली आणि ती नावे वगळली. मी त्यास म्हणालो, ‘एक छायाचित्र नावांसकटही घे.’ सुंदर चित्र लोकांस तेथे बोलावते. तेथे काय होऊ लागले आहे, हे सांगणारे चित्रही कोणीतरी जपून ठेवले पाहिजे.

सरांची ती छायाचित्रे त्यांच्या कुटुंबीयांनी शाळेस दिली आहेत. त्यांतील भिंतींवर एकही नाव कोरलेले नाही. माझी शाळेस विनंती आहे की ती छायाचित्रे चौकटीत लावताना पाठीमागची बाजू झाकून टाकू नये. पेन्सिलीची अक्षरे पुसट होत चालली आहेत. ती वेळीच उतरवून छायाचित्राखाली लावावीत. पुढच्या वर्गातली मुले ‘सावलीत जांभळा’ वाचून हसतील, हे मला ठाऊक आहे. त्यांना हसू द्यावे, आणि मग एखाद्या दुपारी बाहेर नेऊन सावली दाखवावी.