कादंबरी, मालिका आणि मॅडमनी विचारलेली तारीख

परवा विभागातल्या एका ज्युनिअरने विचारलं, "पीएचडीच्या मुलाखतीला विषय काय घेऊन जाऊ?" त्याच्या डोक्यात होतं की एक कादंबरी घ्यायची, तिच्यावरची मालिका घ्यायची आणि तुलना करायची. विषय वाईट नाही, मी स्वतः तेच करतोय. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून मी साथींच्या कथा पडद्यावर कशा येतात याच्या अभ्यासाकडे वळलो, तेव्हा मलाही हे काम सोपं वाटलं होतं. वहीत मध्ये रेघ मारायची, डावीकडे पुस्तक, उजवीकडे मालिका. त्या रेघेने माझे आठ महिने खाल्ले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

माझी कादंबरी आहे स्टीफन किंगची 'द स्टँड'. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतून फ्लूचा एक भयंकर विषाणू निसटतो, काही आठवड्यांत जग ओस पडतं, हजारी जेमतेम पाच-सहा माणसं उरतात. उरलेल्यांना स्वप्नं पडू लागतात. काही जण एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईच्या ओढीने निघतात आणि कोलोरॅडोतल्या बोल्डरला जमतात, तर काही रँडल फ्लॅग नावाच्या सैतानी माणसाकडे लास व्हेगासला जातात. मग दोन्हींचा सामना. यावर टीव्हीसाठी दोनदा काम झालं: १९९४ मध्ये एबीसी वाहिनीवर चार रात्री दाखवलेली मालिका आणि २०२० च्या अखेरीस सीबीएस ऑल अ‍ॅक्सेसवर सुरू झालेली नऊ भागांची.

पहिला घोळ मी 'पुस्तक' या शब्दातच घातला. 'द स्टँड' नावाची पुस्तकं दोन आहेत. १९७८ साली प्रकाशकाला एवढं जाड पुस्तक छापणं परवडेना, म्हणून किंगने सुमारे चारशे पानं कापली. १९९० मध्ये त्यातला बराचसा मजकूर परत घालून, काळही पुढे सरकवून, साडेअकराशे पानांच्या आसपासची आवृत्ती आली. माझ्याकडे ग्रंथालयातली जुनी प्रत होती. तिची सुरुवात टेक्सासमधल्या एका पेट्रोल पंपावर होते. भरकटत आलेली गाडी पंपावर आदळते, आत एक मरणासन्न माणूस. १९९४ ची मालिका मात्र त्याच्या आधी, हाच माणूस लष्करी तळावरून बायको-मुलीला घेऊन पळतो तिथे सुरू होते. मी उजव्या रकान्यात आनंदाने लिहिलं, 'मालिकेने नवीन प्रसंग जोडला'. जोडला कसला! तो १९९० च्या आवृत्तीत आहे. २०२० च्या शेवटच्या भागाचं नावसुद्धा याच आवृत्तीच्या उपसंहारातून घेतलंय. म्हणजे 'मूळ' काय हे ठरवायच्या आधीच मी बदल मोजत बसलो होतो. आपण लॅबमध्ये कंट्रोल न ठेवता रीडिंग घेतलं असतं तर सरांनी वही तोंडावर फेकली असती.

दुसरी अडचण प्रश्नाची. 'कोणती मालिका कादंबरीशी जास्त प्रामाणिक?' हा प्रश्न सगळ्यांना सुचतो, मलाही सुचला. अडॅप्टेशनच्या अभ्यासात तो कधीच मागे पडलाय. लिंडा हचनचं २००६ चं पुस्तक वाचलंत तर कारण कळेल. पण मला ते पटलं एका पात्रामुळे. कादंबरीत लॅरी हा गायक न्यूयॉर्कमध्ये रीटा नावाच्या श्रीमंत, खचलेल्या बाईबरोबर शहराबाहेर पडतो. वाटेत ती जाते आणि आपण तिला सांभाळू शकलो नाही ही टोचणी लॅरीच्या मनात राहते. पुढचा सगळा लॅरी त्या टोचणीतून घडतो. १९९४ च्या मालिकेने रीटा काढून टाकली आणि तिच्या जागी, कादंबरीत बऱ्याच नंतर भेटणाऱ्या नॅडीनला आणलं. एक पात्र वाचलं, पण टोचणीही गेली. २०२० च्या मालिकेने रीटा परत आणली, मात्र कथेचा क्रमच उलटापालटा केला. आता सांगा, जास्त प्रामाणिक कोण? एकाने क्रम राखला आणि माणूस गाळला, दुसऱ्याने माणूस राखला आणि क्रम मोडला. गुण देत बसलात तर गाइड विचारणार, "मग पुढे काय?"

विचारण्यासारखं हे आहे की काही गाळल्यावर किंवा हलवल्यावर उरलेलं काय काम करू लागतं. कादंबरीत रोग पसरण्याचं एक प्रकरण आहे, ते मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी तरी वाचाच. एक पोलीस वेगात जाणाऱ्या विमा एजंटाला अडवतो आणि दंडाच्या पावतीबरोबर रोगही देतो. एजंट वाटेत जेवायला थांबतो, तिथून तो वाढणाऱ्या बाईला आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना. असं पुढे पुढे. एखाद्या माणसाला दोन ओळी मिळतात आणि तो संपतो. आपण कॉन्टॅक्ट ट्रेसिंग मागे जात करतो, हे पुढे जात केलेलं आहे. इथे लांबी हीच भीती आहे. कागदावर माणूस एका वाक्यात उभा राहतो. टीव्हीवर त्याच वाक्याला नट लागतो, कपडे, जागा, अर्ध्या दिवसाचं शूटिंग. म्हणून १९९४ मध्ये हे सुरुवातीला एका रॉक गाण्यावर, प्रयोगशाळेतल्या प्रेतांवरून कॅमेरा फिरवून उरकलंय. दृश्य जमलंय, पण त्यात साखळी नाही, फक्त शेवट आहे.

२०२० ची मालिका आणखी पुढे गेली. ती बोल्डरमध्येच सुरू होते, साथ उलटून गेल्यावर, प्रेतं बाहेर काढणाऱ्या तुकडीपासून. त्या तुकडीत हॅरॉल्ड आहे. साथ आठवणींतून तुकड्यातुकड्यांनी येते. स्टू बोल्डरमध्ये जिवंत आहे हे आपल्याला कळलेलं असतं, त्यामुळे त्याला विलगीकरणात कोंडलेलं दाखवतात तेव्हा काळजी वाटत नाही. 'कोण वाचेल?' हा प्रश्न संपतो. त्याची जागा 'हसतमुख हॅरॉल्ड आत काय शिजवतोय?' हा प्रश्न घेतो. मला स्वतःला हा सौदा महाग वाटतो, पण तो विचार करून केलेला सौदा आहे. चूक म्हणून सोडून देता येत नाही.

आणि इथेच मी सगळ्यात मोठी माती खाल्ली. सिनॉप्सिसच्या मसुद्यात लिहिलं होतं: 'कोविडमुळे प्रेक्षक साथीला कंटाळले होते, म्हणून मालिकेने साथीचा भाग मागे ढकलला.' वाक्य देखणं होतं. पहिला भाग आला १७ डिसेंबर २०२० ला, सगळं जुळत होतं. मॅडमनी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "शूटिंग कधी संपलं?"

घरी येऊन शोधलं. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर. म्हणजे पटकथा त्याच्याही आधीची. कारण परिणामानंतर येत होतं. दोन दिवस मी मॅडमना तोंड दाखवलं नाही.

वाक्य मात्र पूर्ण मेलं नाही, बारीक झालं. शूटिंगनंतर संकलन होतं, आणि ते साथीच्या काळात झालं. तेव्हा 'संकलनात क्रम बदलला का' हा प्रश्न अजून जिवंत आहे, पण त्याला पटकथा किंवा मुलाखतींचा पुरावा लागेल, मालिका कितीही वेळा पाहून तो मिळणार नाही. आणि 'त्या डिसेंबरमध्ये लोकांनी ही मालिका कशी पाहिली' हा वेगळाच प्रश्न आहे. तिथे कोविड हक्काने येतो, फक्त साधन परीक्षणांचं वाचन हे असेल. एका चुकीच्या वाक्यातून दोन प्रश्न निघाले, दोघांना दोन पद्धती.

सध्या मी एक्सेलमध्ये साधा तक्ता करतोय. प्रत्येक प्रसंगाला दोन क्रमांक: कथेच्या काळात तो कितवा, आणि प्रेक्षकाला दिसतो कितवा. १९९४ च्या मालिकेत हे दोन आकडे बहुतेक ठिकाणी शेजारी शेजारी चालतात, २०२० मध्ये पहिल्याच भागात सैरावैरा पळतात. तिसरा रकाना आवृत्तीचा: १९७८, १९९० की दोन्हींत नाही. चौथा तारखेचा, तो मॅडमच्या प्रश्नानंतर आला. दुसऱ्या मालिकेचे चार भाग झालेत. रीटाचा प्रसंग तिसऱ्यांदा पाहतोय, कारण त्याला कथेच्या काळातला कितवा क्रमांक द्यायचा यावर माझं आणि मॅडमचं अजून जमलेलं नाही.