साठ टक्के कुणी ठरवले?

पर्यावरणविषयक निर्णयांचा अभ्यास करणारा प्राध्यापक फक्त मोजमाप करतो आणि निर्णय सरकार घेतं, अशी एक सोयीची समजूत आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा अहवाल बारकाईने वाचला की ती टिकत नाही. मार्च 2010 मध्ये नेमलेल्या या गटाने घाटाच्या नकाशावर साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी आखल्या आणि उंची, उतार, जंगलाचं प्रमाण, प्रदेशनिष्ठ वनस्पती अशा निकषांवर त्यांना गुण देऊन सरासरी काढली. इथवर मोजमाप. पण किती गुणांच्या वर ‘अतिसंवेदनशील’ म्हणायचं? अभयारण्यं आणि हे सर्वोच्च क्षेत्र मिळून सहसा 60 टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असं गटाने ठरवलं. हा आकडा उपग्रहाच्या कुठल्याही चित्रात सापडत नाही. तो निवाडा आहे. गटाने तो लपवला नाही, अहवालात लिहून टाकला, आणि माझ्या मते या पेशाची खरी कसोटी तीच आहे: आपला निवाडा कुठे सुरू होतो हे संशोधकाने दाखवावं, म्हणजे इतरांना त्यावर भांडता येतं.

यावर आक्षेप ठरलेला. निवाडे उघड केले की विज्ञानाचं राजकारण होतं, लोकांना काय कळतंय? त्याला उत्तर गाडगीळांच्याच जुन्या कामात आहे. 1975 च्या सुमारास कर्नाटकात कागद गिरण्यांना पुरवला जाणारा बांबू झपाट्याने घटत होता आणि दोष गावकऱ्यांच्या गुरांवर टाकला जात होता. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. तोड सोपी व्हावी, बेट ‘साफ’ राहावं म्हणून ते छाटलं जाई. गावकरी सांगत होते की हे काटेच कोवळ्या कोंबांना गुरांपासून वाचवतात. प्रत्यक्ष पाहणीत त्यांचं म्हणणं खरं ठरलं. शिवाय जंगलातल्या साठ्याचा अंदाजही फुगवलेला निघाला. ज्यांना ‘काय कळतंय’ म्हणत होते, त्यांनाच नेमकं कळत होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उद्या ग्रामसभेनेच खाणीला होकार दिला तर? देईलही, दारात पैसा आला की माणसं बदलतात. पण सिंधुदुर्गातल्या 25 गावांच्या ग्रामसभांनी आपला भाग संवेदनशील ठरवावा असे ठराव केले होते, हेही त्याच अहवालात नोंदलेलं आहे. ग्रामसभा चुकू शकते तशी समितीही चुकते. फरक एवढाच की समितीची चूक इंग्रजी अहवालात बंद राहू शकते. ऑगस्ट 2011 मध्ये सादर झालेला हा अहवाल मे 2012 पर्यंत, माहिती अधिकाराचा वापर होऊन प्रकरण न्यायालयात जाईपर्यंत, जाहीरच झाला नाही. मधल्या काळात घाटातल्या गावांपर्यंत अफवा तेवढ्या पोचल्या.

असं काम करणाऱ्या तरुण संशोधकाला विद्यापीठात मात्र फारसं काही मिळत नाही. गावोगावच्या बैठका, मराठीतले गोषवारे, तपासणीसाठी खुली ठेवलेली आकडेवारी यांना बढतीच्या तक्त्यात जागा नाममात्र. तेव्हा नेमणूक समित्यांनी शोधनिबंध मोजून झाले की उमेदवाराला आणखी एक प्रश्न विचारावा: तुमच्या नकाशावर ज्यांची घरं आहेत, त्यांना तो तपासायला कधी दिला होता?