भाड्याच्या घराचे अंगण

न्यू जर्सीत घर भाड्याने घेताना स्वयंपाकघर आणि शाळा आपण दहादा तपासतो. मागच्या अंगणाकडे मात्र खिडकीतून एकदा पाहिले की झाले. "दोन वर्षांनी कुठे असू कोण जाणे, दुसऱ्याच्या जमिनीवर डॉलर कशाला घालवायचे?" हा हिशेब चूक नाही. पण तो फरशीला आणि कुंपणाला लागू पडतो, अळूच्या कुंडीला नाही.

आधी लीज काढून वाचावे. हिरवळ कोणी कापायची, पाण्याचे बिल कोणाकडे, खणायला मनाई आहे का, हे पाहावे. परवानगी लेखीच घ्यावी. तोंडी "शुअर, गो अहेड" घर सोडताना कोणाला आठवत नाही. कामाआधीचे फोटोही तारखेसह ठेवावेत. इथल्या कायद्याने मालकाला सुरुवातीला जास्तीत जास्त दीड महिन्याचे भाडे डिपॉझिट म्हणून घेता येते. घर सोडल्यावर रास्त वजावट करून ते 30 दिवसांत व्याजासह परत द्यावे लागते. (मालक त्याच घरात राहत असेल आणि भाड्याची बिऱ्हाडे दोनच असतील, तर भाडेकरूने आधी लेखी नोटीस दिल्याखेरीज हा कायदा लागू होत नाही.) उकरलेली हिरवळ हे वजावटीला आयते निमित्त! शिवाय जमिनीत लावलेले झाड बहुधा मालकाचेच होते. तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये चढेल त्यावरच पैसे घालावेत. बांबू तर लावूच नये. तो शेजाऱ्याच्या अंगणात निघतो आणि भांडण आपल्या दारात येते.

आता आरोग्याचे. घरांच्या रंगात शिसे वापरायला 1978 साली बंदी आली. त्याआधीच्या घराच्या भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगाचे कपचे मिसळलेले असू शकतात. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना याचा धोका सर्वांत जास्त. शिशामुळे त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, जानेवारी 2024 मध्ये निवासी मातीतल्या शिशाची तपासणी-पातळी दर दशलक्ष भागांत 400 वरून 200 वर आणली. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. नमुना पाठवताना शिशाची चाचणी हवी असे मुद्दाम सांगावे. तोवर मेथी, पालक, मुळा जमिनीत नकोतच. विकतची माती भरलेल्या, बुडाला भोके पाडलेल्या पाच गॅलनच्या बादल्या उत्तम.

मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्येच पेरावी. जुलैच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर येते. मिरची, भेंडी आणि अळू मात्र मेच्या मध्यानंतर, थंडीची भीती गेल्यावर. अळूचे कंद आपल्या वाणसामानाच्या दुकानात मिळतात. इथल्या नर्सरीत शोभेची "एलिफंट इअर" मिळते; ती अळूसारखी दिसली तरी वडीसाठी घेऊ नये. पुदिना स्वतंत्र कुंडीत. कढीलिंबाचे रोप वा बिया भारतातून बॅगेत आणू नयेत. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे त्यावर निर्बंध आहेत आणि विमानतळावर दंडही होऊ शकतो.

कुंड्यांखालच्या बशांतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे, नाहीतर डास होतात. गवतात काम करून आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे आणि केसांत गोचीड पाहावी. लाइम रोग या राज्यात बराच आहे. तुळस, गवती चहा आणि कढीलिंब सप्टेंबरअखेर दक्षिणेच्या खिडकीशी आत घ्यावेत, आणि घ्यायच्या आधी पानांची खालची बाजू धुवावी, म्हणजे मावा घरात येणार नाही.