तीन कडांचा लव्हाळा!

काय दोस्ता, पाऊस उघडला ना? मग चल धुऱ्यावर!

यवतमाळच्या काळ्या रानात पऱ्हाटी आता गुडघ्याला लागली असेल. बाया निंदायला बसल्या असतील. त्यांनी उपटून टाकलेल्या ढिगात जरा शोध. गडद हिरवी, चकचकीत पानं. मधून उभा दांडा आणि त्याच्या टोकाला तांबूस-तपकिरी तुरा. सापडलं?

आता तुऱ्याखालचा दांडा चिमटीत धर. आणि फिरव!

अरेच्चा! हा तर गरगर फिरतच नाही! बोटांना कडा लागतात. मोज बरं. एक, दोन, तीन! दांडा चक्क तिकोनी!

हा आपला लव्हाळा. कुणी मोथा म्हणतं, कुणी नागरमोथा. दिसतो गवतासारखा, पण गवत नाहीच मुळी!

पटत नाही? मग शेजारचं गवत घे. त्याची काडी गोल, मधे मधे पेरं. लव्हाळ्याच्या दांड्यावर शोध पेर. एकही नाही! तोडून बघ, आत पांढरा गर गच्च भरलेला. पानंही तीन बाजूंना फुटलेली. जिकडे तिकडे तीनच तीन!

समुद्राकाठच्या खाऱ्या चिखलात आणखी एक फसवी मंडळी राहते. तिचं नाव जंकस. दांडा गवतासारखा गोल, पण पेरं मात्र नाहीत! म्हणजे डोळे फसले तरी बोटं फसत नाहीत.

पण खरी गंमत जमिनीखाली आहे! खुरप्याने हळूच उकर. शेंगदाण्याएवढ्या काळपट गाठी दिसतील, एकीला एक जोडलेल्या. जोडणारा तो दोरा म्हणजे मूळ असेल, असं वाटतं ना? चूक! ते आहे जमिनीखालून धावणारं खोड!

पुढची गाठ कोंब काढते आणि बाकीच्यांना झोपवून ठेवते. वर्गात मॉनिटर असला की सगळे कसे चिडीचूप! आणि मॉनिटर बाहेर गेला की? नुसता कल्ला! तसंच होतं इथे. डवरा फिरला, दोरा तुटला की झोपलेल्या गाठी जाग्या होतात. तोडायला गेलो एक, उगवले कितीतरी!

लव्हाळ्याचे कोंब इतके टोकदार, की शेतात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागदही भोसकून वर येतात. १९७७ साली लेरॉय होल्म आणि त्यांच्या सोबत्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात पहिला नंबर कुणाचा, सांग पाहू? आपल्या लव्हाळ्याचा!

मग त्याला घाबरवतं कोण? ऊन! उन्हाळ्यात खोल नांगरलं की गाठी वर येतात आणि वाळून मरतात.

लव्हाळ्याचा एक भाऊबंद तर भलताच नामांकित. इजिप्तचा पपायरस! माणसाहून दुप्पट उंच, आणि दांडा तिकोनीच. त्याच्या गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या दाबून तिथले लोक साडेचार हजार वर्षांपूर्वी कागद करत!

आता शेवटचं काम. लव्हाळ्याची एक गाठ धुऊन, ठेचून हुंग. ओळखीचा वास येतोय ना? दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतो, तो हाच!

बघ की! वर्षभर ज्याला शेतातून हाकलायचं, त्यालाच दिवाळीला अंघोळीला बोलवायचं!